ज्वारीत टांगलेली गाणी

मित्रांनो, मधोमध भोक असलेली चंदेरी चकती, ती मी. मी एक जुनी सीडी आहे. माझ्या पोटात सहा गाणी होती.

ती रत्नदीपची. हिंगणघाटच्या एका खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून त्यानं मला घडवलं. पहिली तीन गाणी साध्या लाकडी गिटारवर, नंतरची तीन विजेच्या गिटारवर. याला ब्लूज रॉक म्हणतात. दुःखच, पण ताल धरलेलं. मित्र चिडवायचे, "रत्न्या, हे वरातीत वाजवलं तं नवरदेव घोड्यावरून उतरून घरी जाईन!" तो हसायचा. शेवटचं गाणं संपल्यावर तो दोनच वाक्यं बोलला होता, आपल्या चार महिन्यांच्या मयुरीसाठी.

पुढल्याच महिन्यात दुचाकीच्या अपघातात तो गेला. वर्षभरात त्याचा संगणकही बिघडला, फोन तर अपघातातच फुटला होता. त्याचा आवाज उरला तो फक्त माझ्यात. त्याची बायको जागृती मला लावायची नाही. म्हणायची, मयुरी समजती झाली की दोघी मिळून ऐकू. पण माझ्यावर नाव घालायचं मात्र राहून गेलं.

मयुरी चार वर्षांची असताना आमच्या वडनेरच्या शेतात ज्वारीवर पोपटांचे थवे उतरले. पाखरं बुजावीत म्हणून तिकडे चकाकत्या सीडी दोऱ्यानं टांगतात. सासरे लहानूजी कपाटातल्या चार-पाच चकत्या हातात घेऊन दारात उभे राहिले.

"पोरी, ह्या कामाच्या हायेत का?"

मयुरी तापानं फणफणली होती. मान वर न करता जागृती म्हणाली, "न्या ना, मामाजी."

तीन महिने मी उन्हात गरगरत राहिले, बांबूवर आपटत राहिले. पोपट पळाले. लहानूजींनी माझं कौतुकही केलं.

मयुरीच्या पाचव्या वाढदिवशी कपाट उघडलं, तेव्हा मी तिथं नव्हते आणि सारा उलगडा झाला. शेतातून आणून मला धुऊन लावलं. सीडीची गाणी आतून बाहेर लिहिलेली असतात. आतली तीन वाजली. कडेकडची तीन खरवडून गेली होती.

"आई, बाबा कवा बोलतीन?" मयुरीनं विचारलं.

यंत्र नुसतं टक् टक् करत राहिलं. लहानूजी उठून अंगणात गेले.

आता रोज सकाळी ते मला मांडीवर घेतात, धोतराच्या सोग्यानं गोल गोल पुसतात, जणू ताटच. आणि रोज एक बारीक चरा उमटतो. काल तिसरं गाणं मध्येच अडखळलं. जागृतीला वाटतं, जुनी आहे म्हणून. मला बोलता येत नाही.

मित्रांनो, जपायच्या वस्तूवर नाव घालत जा. सीडी पुसायची तर मऊ फडक्यानं, आतून बाहेर, सरळ. आणि कधी वडनेरला गेलात तर तेवढं त्या म्हाताऱ्याला हळूच सांगा. रागावू मात्र नका. अजून दोन गाणी धड आहेत.