खिडकीजवळची जागा

"मुलींच्या होस्टेलचं दार रात्री किती वाजता बंद होतं?" आईने फोनवर विचारलं.

पलीकडच्या वॉर्डनबाईंचा आवाज इतका खणखणीत होता की तो टेबलाच्या या टोकापर्यंत ऐकू येत होता. "सातला, ताई. सातच्या ठोक्याला कुलूप. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

"सातला? आणि लायब्ररी?"

"लायब्ररीत कशाला जायला हवं? मुली आपापल्या खोलीतच अभ्यास करतात."

आईने आभार मानून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "फेक."

मी त्या कॉलेजच्या नावाची चिठ्ठी उचलून 'चालणार नाही'च्या डब्यात टाकली.

"अगं, बाकीच्या आया हे ऐकून कॉलेज पक्कं करतात," बाबा म्हणाले.

"त्यांना मुली ठेवायच्या असतात. मला पाठवायची आहे."

रविवार होता, म्हणून तिघंही घरी होतो. डिप्लोमा करून मी एका ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला लागले होते. दुसऱ्यांनी ठरवलेली यंत्रं मी कागदावर उतरवायची. तीन वर्षं झाल्यावर आईनेच विषय काढला होता: पुरे झालं, आता डिग्री कर. डिप्लोमा दोन गल्ल्या पलीकडे केला होता, ऑफिस त्याच्याही अलीकडे होतं. मेकॅनिकलच्या डिग्रीला मला घेतील अशी कॉलेजं पुष्कळ निघाली, आणि ती कमी कशी करायची हे आईने तिच्या पद्धतीने ठरवलं. ती काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. उजेडाच्या पडद्यासमोर बसायचं, पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या बाटल्या बघायच्या, तडा दिसला की उचलून बाजूला. म्हणून प्रत्येक कॉलेजची एक चिठ्ठी आणि स्वयंपाकघरातले तीन डबे. 'चालेल', 'चालणार नाही' आणि 'पुन्हा बघू'. हा तिसरा बाबांच्या आग्रहामुळे आला होता. कारखान्यात तिसरा डबा नसतो, असं आई म्हणायची.

तिचा नियम एकच होता. संध्याकाळी घरी परतून चहा टाकता येईल असं एकही कॉलेज नको.

बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि उरलेलं काम घरी आणायचे. मला वाचता येऊ लागलं तेव्हापासून मी त्यांची जोडीदार. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि ते मुद्रितावरून लाल पेन्सिल फिरवायचे. अशी मी प्रवासवर्णनं वाचली, दिवाणी कायदा वाचला, मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक वाचलं, आणि ज्या वयात कादंबऱ्या वाचू नयेत म्हणतात त्या वयात त्याही वाचल्या. घरात माझा आवाज पुष्कळ ऐकू यायचा, पण वाक्यं दुसऱ्या कुणाची तरी असायची. स्वतःचं म्हणून मी फार थोडं बोलायची. आई मला मौनीबाबा म्हणायची.

आई भाजी परतायला आत गेली. बाबांनी 'चालणार नाही'च्या डब्यातून एक चिठ्ठी हळूच काढली आणि 'पुन्हा बघू'मध्ये टाकली. ते जवळचं कॉलेज होतं, आईच्या कारखान्याच्या वाटेवरचं. सकाळपासून ती चिठ्ठी तिसऱ्यांदा जिवंत होत होती.

"दिसलं मला," आई आतून म्हणाली.

"अगं, बरं कॉलेज आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला?"

"कळसा रिकामा असला की घालावा लागतो वळसा." ती हातात झारा घेऊनच बाहेर आली. "तिला लांब जायचंय."

"ती कुठे म्हणाली?"

"मी म्हणतेय ना."

"तिला म्हणू दे की. काय गं? जायचंय तुला?"

दोघं माझ्याकडे बघत राहिले. समोर बाबांच्या मुद्रितांचा गठ्ठा होता, त्यावर डोळे ठेवून मी म्हणाले, "बघू."

"मौनीबाबा बोलले," आई म्हणाली, आणि झाऱ्याच्या टोकाने ती चिठ्ठी उचलून पुन्हा फेकायच्या डब्यात टाकली. आम्ही तिघंही हसलो.

मला जायचं होतं. इतकं की नकाशात त्या गावांची नावं मी पुन्हा पुन्हा शोधून वाचायची. पण मी बोलले की बाबांचा चेहरा उतरणार हे मला ठाऊक होतं, आणि आई बोलली की त्यावर त्यांना वाद घालता यायचा, हेही. म्हणून मी तिला बोलू दिलं होतं. संध्याकाळी तिने गणवेशाला इस्त्री केली. 'चालेल'च्या डब्यात पाच चिठ्ठ्या उरल्या होत्या. "उद्या या दोन होस्टेलना तू फोन कर," ती म्हणाली. "सगळं मीच विचारू का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. पडद्यासमोर बसल्या बसल्याच. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईंना आधी वाटलं की ती वाकून काहीतरी निरखून बघतेय. पट्टा थांबवेपर्यंत तिच्यासमोरून किती बाटल्या न तपासता पुढे गेल्या असतील, असा विचार माझ्या मनात आला होता, बातमी ऐकत असताना.

आत्या आली, म्हणजे बाबांची बहीण. तिने घर हातात घेतलं आणि ते घेणं गरजेचंही होतं, कारण बाबा आणि मी नुसते खोल्यांतून फिरत होतो. खोल्याही दोनच. मधल्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. हात लांब केला तर गिलाव्याला बोट लागतं. आई असताना ती भिंत कधी इतकी जवळ वाटली नव्हती.

आत्याला साखरेसाठी डबे हवे होते. तिने तिन्ही डबे घासून पुसून पालथे घातले. चिठ्ठ्या एका पिशवीत भरून ती पिशवी खिळ्याला अडकवली. "टाकल्या नाहीत हो काही," ती मला म्हणाली. "मला कळतं." कुठली चिठ्ठी कुठल्या डब्यातली होती ते मला तोंडपाठ होतं. डबे आता साखरेने भरले होते, एवढंच.

"मी किती दिवस पुरणार?" आत्या जेवताना म्हणायची. "माझंही घर आहे, नातवंडं आहेत. दादाला साधा चहा येत नाही. वहिनीने हातात आणून दिला तर प्यायचा, नाहीतर तसाच बसायचा. तुला म्हणून सांगते, दुरून डोंगर साजरे, बाई. डिग्री इथे काय नि तिथे काय, कागद तोच."

"तिला हवं ते तिने करावं," बाबा म्हणाले. ते हे मनापासून म्हणाले. मग ताटातला घास तसाच ठेवून ते उठले आणि मधल्या खोलीत जाऊन बसले. आत्याने माझ्याकडे बघितलं. तेवढं पुरे होतं.

मला कुणी अडवलं नाही, हे इथे सांगायला हवं. कुणी आवाज चढवला असता तर कदाचित मीही चढवला असता. लोक येत होते आणि सोय करून जात होते. ऑफिसातले साहेब म्हणाले, जवळच्या कॉलेजात गेलीस तर शनिवारी येत जा, टेबल तुझंच आहे. आत्याच्या यजमानांची त्या कॉलेजच्या कार्यालयात ओळख निघाली. बाबांनी एका संध्याकाळी पिशवीतल्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. मुद्रितातली चूक दुरुस्त करावी तितक्या हलक्या हाताने त्यांनी एकेका नावावर रेघ ओढली. "हे फारच लांब आहे. इथली हवा तुला मानवणार नाही. हे... हे राहू दे सध्या." दर वेळी ते माझ्याकडे बघायचे, मी काही म्हणते का म्हणून. मी होकाराची मान हलवायची. शेवटी एकच चिठ्ठी कोरी राहिली. आईने झाऱ्याने उचलली होती तीच.

मग आईच्या कारखान्यातल्या दोघी आल्या. तिचा जेवणाचा डबा आणि चष्मा घेऊन आल्या होत्या. एक तिच्या शेजारी बसणारी. तिला आम्ही मावशी म्हणायचो. दुसरी सुपरवायझर.

"आमची बस कॉलेजच्या दारावरूनच जाते," सुपरवायझरबाई म्हणाल्या. "मी वर बोलले आहे. परवानगी मिळाली. सकाळी कोपऱ्यावर उभं राहायचं, संध्याकाळी दारात सोडू."

"बसमधली तुझ्या आईची जागा अजून कुणी घेतलेली नाही," मावशी म्हणाली. "खिडकीजवळची. आम्ही बसूच देत नाही कुणाला."

बाबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. "केवढी सोय झाली," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला.

फॉर्म भरायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी त्या बसने कॉलेज बघायला गेले. कॉलेज वाईट नव्हतं. कार्यशाळा स्वच्छ होती, लेथ यंत्रांना कापडाच्या खोळी घातल्या होत्या. कारकून आदराने बोलले, आईबद्दल हळहळले, शिपायाला सांगून त्यांनी मला सगळे वर्ग दाखवले. मी विचारलं, "कार्यशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते?"

"साडेचारला बंद," ते कौतुकाने म्हणाले. "पाचला इथे चिटपाखरू नसतं. मुली दिवेलागणीला घरी. पालकांची तक्रार म्हणून नाही."

फेक, मी मनात म्हणाले. पण आवाज आईचा होता.

परतीच्या बसमध्ये पहिल्या पाळीच्या बायका होत्या. सगळ्यांनी सरकून वाट दिली. मी खिडकीजवळ बसले. काच उघडावी म्हणून हात लावला तर ती हलेना. कधीतरी रंग देताना चौकट तशीच रंगवून टाकली होती.

"ती उघडत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "पहिल्यापासूनच. तुझी आई रोज एकदा ढकलून बघायची. आम्ही हसायचो."

काचेवर डोक्याच्या उंचीवर एक तेलकट डाग होता. बस वळली तशी मी कलले, आणि माझं कपाळ नेमकं तिथे टेकलं. उंचीने मी आईएवढीच आहे. बाहेर दुकानं जात होती, एकामागून एक, सारख्या अंतराने.

पुढच्या वळणाच्या आधीच शेजारी बसलेल्या मावशीला डुलकी लागली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, जड आणि ऊबदार. मी हलले नाही. पुलावर खड्डा आला तेव्हा तिला जाग आली.

"सवय गं," ती ओशाळून म्हणाली. "तुझ्या आईचा खांदा होता माझा. रोजचा." मग तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "बरं झालं. जागा भरली."

तिने पुन्हा डोळे मिटले. डोकं पुन्हा आलं. ती माउली दिवसभर उजेडाकडे बघून दमली होती, आणि मी तिला उठवू शकत नव्हते. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला न उघडणारी काच. मला एकदम दिसलं की मी इथे बसले तर मीही रोज ही काच एकदा ढकलून बघणार. मग घरी जाऊन चहा टाकणार. आणि एखाद्या रविवारी कुणाच्या तरी मुलीच्या होस्टेलला फोन करून विचारणार, दार किती वाजता बंद होतं.

घरी आले तेव्हा आत्या बाजारात गेली होती. बाबांनी चहा केला होता. त्यांनी केलेला हा पहिलाच चहा. रंग पाण्यासारखा, वर पावडर तरंगत होती. त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि मी घोट घेईपर्यंत उभे राहिले.

"बरा आहे?"

"बरा आहे."

ते खूश होऊन बसले. छापखान्यातून आणलेला लॅपटॉप टेबलावर उघडा होता. "फॉर्म भरून ठेवलाय मी. नुसता पाठवायचा. चूक नको राहायला. तू वाच, मी बघतो."

त्यांनी सवयीने लाल पेन्सिल हातात घेतली, पडद्यावर तिचा काही उपयोग नव्हता तरी. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. माझं नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. आईच्या नावाशी क्षणभर थांबले. बाबाही थांबले.

"पुढे," ते म्हणाले.

"शाखा, मेकॅनिकल. पसंती क्रमांक एक." पुढे जवळच्या कॉलेजचं नाव होतं. खाली चार रकाने कोरे. त्याऐवजी मी 'चालेल'च्या डब्यातल्या पहिल्या चिठ्ठीवरचं तोंडपाठ नाव वाचलं. तिथल्या वॉर्डनबाई आईला फोनवर म्हणाल्या होत्या की लायब्ररी कधीच बंद होत नाही, त्यामुळे दार तरी कशाला बंद करायचं.

बाबांची पेन्सिल थबकली. "चुकलीस. नीट वाच."

"पसंती क्रमांक एक," मी म्हणाले, आणि पुन्हा तेच नाव घेतलं. "क्रमांक दोन." दुसऱ्या चिठ्ठीवरचं.

"लिहिलंय ते वाच, बाळा."

शेजारच्या इमारतीत कुणीतरी जिना उतरत होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पेन्सिल दोन्ही हातांनी धरून ते हळू आवाजात म्हणाले, "हे सगळं तुझ्या आईचं होतं. लांब पाठवायचं वगैरे. तू कधी म्हणाली नाहीस."

त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं होतं तितकाच. मी तो बघत राहिले, आणि पाणचट चहाचा कप हातात घट्ट धरून ठेवला.

"तिचं नव्हतं, बाबा," मी म्हणाले. "मला जायचंय."