मधल्या निवाऱ्याची घंटा

या मित्रांनो, असे जवळ या. मागे कोण उभे राहिले? पुढे सरका, जागा पुष्कळ आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगते. म्हणायला ती माझी आहे, पण खरी ती एका भल्या माणसाची आहे. मन लावून ऐकलीत तर घरी जाताना तुमची पावले जरा लवकर उचलतील, एवढे मी खात्रीने सांगते.

मी एक जुनी घंटा आहे. काशाची, तोंड रुंद, कड एका बाजूला किंचित जाड. ज्या ओताऱ्याने मला ओतले त्याने मी निवल्यावर मला आढ्याला टांगले, बोटाच्या पेराने टकटक केली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, "ऐक गं, केवढी लांब शेपूट आहे हिच्या आवाजाला! हिला देवळात नको कोंडायला. ही डोंगरात जाऊ दे."

मला फार वाईट वाटले. देवाच्या कानाशी राहायचे, त्याच्या दारात वाजायचे, याहून मोठे भाग्य ते कोणते? पण मित्रांनो, देव काय फक्त गाभाऱ्यातच असतो? वाट चुकलेल्याला दारापर्यंत आणणे हीदेखील त्याचीच चाकरी आहे. हे मला उमगायला एक डोंगर चढावा लागला. चढले मी कसली! एक तरणाबांड हमाल मला पाठीवर बांधून घेऊन गेला. माझी जीभ, म्हणजे आतला लोलक, त्याने फडक्यात गुंडाळली होती. धापा टाकत तो माझ्याशी बोलत होता, "बाई, वजन फार हो तुमचं. तोंड मिटून बसलात हे उपकार!"

हाच तो माणूस. पुढे तो वाटाड्या झाला.

तो डोंगर म्हणजे एक राखीव उद्यान होते. तिथे माणसे चार-पाच दिवसांच्या ट्रेकला येत. पाठीवर सॅक, हातात काठी आणि पुढे वाटाड्या. रोज एका निवाऱ्यापासून दुसऱ्या निवाऱ्यापर्यंत चालायचे आणि तिथे मुक्काम करायचा. मी मधल्या निवाऱ्याच्या दारावर होते. दगडी भिंती, पत्र्याचे छप्पर, आत एक लांब बाकडे, चूल आणि फळ्यांच्या दुमजली खाटा. ओले बूट दाराशी उलटे करून ठेवायचे आणि मोजे चुलीवरच्या तारेवर टाकायचे. त्या मोज्यांचा वास सोडला तर स्वर्गच होता तो.

माझे काम धुक्यातले. त्या उंचीवर धुके दुपारी कधी उठेल ते सांगता येत नाही. उठले की स्वतःची काठीसुद्धा दिसायची नाही. मग निवारा सांभाळणारी बाई दारात येऊन माझी दोरी ओढत असे. तीन ठोके द्यायचे आणि थांबायचे, पुन्हा तीन द्यायचे आणि थांबायचे. ते थांबणे फार महत्त्वाचे, कारण तिकडे धुक्यात वाटाड्या हात वर करून सगळ्यांना उभे करी, "गप्प! पिशवीचा बंददेखील वाजू देऊ नका," असे म्हणे आणि कान देऊन ऐके.

आता नीट ऐका. निवाऱ्याच्या समोर, मधे एक दरी सोडून, मोठा काळा कडा होता. माझा आवाज त्या कड्यावर आपटून परत येई. वारा उलटा असला म्हणजे माझा खरा आवाज डोंगराच्या सोंडेआड बुडून जाई आणि कड्याचा पडसाद मात्र खणखणीत ऐकू येई. नवख्याला वाटे, घंटा तिकडेच आहे. पण आमच्या वाटाड्याला वाटत नसे. तो म्हणे, "कड्याच्या आवाजाला टोक नसतं. खरी घंटा टोचते, कडा नुसता चोळतो." धुके कितीही दाट असो, तो माणसांना सरळ माझ्या दारी आणी. दारात आला की माझ्या कडेवर थाप मारून म्हणे, "पोचलो, बाई."

त्या थापेसाठी मी वाजत असे, खोटे कशाला बोलू?

निवारा सांभाळणाऱ्या बाईशीच त्याने लग्न केले. त्यांना एक मुलगी झाली. आई देवाघरी गेल्यावर माझी दोरी त्या लेकीच्या हातात आली. तिचा हात आईसारखाच, ना घाई ना आळस. पाहुणे माझी तारीफ करीत, माझ्याबरोबर फोटो काढीत. लेक मला दर हंगामात राखेने घासून लख्ख करी. सुखाचे दिवस कसे गेले ते कळले नाही.

मग एका सकाळी दूध उतू गेले.

वाटाड्या चुलीकडे पाठ करून बुटाची नाडी ओवत होता. लेक बाहेरून ओरडली, "बाबा, दूध!" तो हलला नाही. "अहो बाबा, दूध उतू जातंय!" दूध चुलीवर चरचरले, जळका वास नाकात शिरला, तेव्हा कुठे तो दचकून उठला. "लक्ष नव्हतं गं माझं," म्हणाला आणि हसला. लेक हसली नाही. ती चूल पुसत राहिली.

तेव्हापासून ती बघू लागली आणि मीही बघू लागले. कुणी मागून बोलले तर त्याला पत्ता नसे. समोरून बोलले तर तो ओठांकडे पाही. ऐकू आले नाही की काहीतरी ठोकून देई. कुणी विचारावे, "काका, तळ्यात मासे आहेत का?" याने म्हणावे, "हो तर, पण दमानं चढायचं." सगळे खो खो हसत. 'वाटाडेकाका फार मिश्कील' अशी त्याची ख्याती होऊन बसली. आणि माझ्या कडेवरची ती थाप? ती तशीच पडत होती. पण मित्रांनो, आताशा तो थाप मारून हात क्षणभर माझ्यावर तसाच ठेवी. मी थरथरते का, ते तो हाताने बघत होता.

लेकीने का सांगितले नाही, असे तुम्ही विचाराल. उद्यानाच्या कचेरीतून त्याला वाटाड्याचा बिल्ला मिळालेला होता. कान गेले हे तोंडाबाहेर पडून तिथे कळले असते तर बिल्ला काढून घेतला असता. आणि डोंगर नसलेला तो माणूस तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हता. "हा हंगाम होऊ दे," ती भांडी घासताना स्वतःशीच पुटपुटे, "हंगाम संपला की बोलते."

त्या हंगामाच्या अखेरीला एक छोटी तुकडी आली. तिच्यात एक दातांचे डॉक्टर होते आणि त्यांची आत्या होती. आत्याबाई वयाने मोठ्या, अंगाने किरकोळ आणि जिभेने धारदार.

"आत्या, कवळी मी बसवली म्हणून टिकली," जेवताना डॉक्टर म्हणाले, "पण गुडघे माझ्या खात्यात येत नाहीत हं. उद्या तळ्यापर्यंत येणारेस का?"

"मी येणार. तुला उचलून आणायला कुणीतरी हवंच ना!"

सगळे हसले. वाटाड्याही हसला, पण इतरांच्या नंतर, जरासा उशिरा. आत्याबाईंनी तेवढे हेरले. त्यांच्या कानाला मशीन होते. बहिरेपणाच्या त्या वाटेवरून त्या आधीच जाऊन आलेल्या होत्या.

सकाळी सगळे बूट घालत होते, तेव्हा त्या लेकीजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाळ, वडिलांना ऐकू येत नाही ना?"

लेकीचा हात थांबला. "कुणाला बोलू नका हो, आत्या."

"मी कशाला बोलू? बोलायचं तू. मी पाच वर्षं लपवलं, काय मिळालं? नातवंडं म्हणायची, आजी शिष्ट आहे."

"सांगते. तुम्ही सगळे खाली उतरलात ना, की लगेच सांगते."

"आज का नाही?"

"आज त्यांना तळ्यावर जायचंय. या हंगामातलं शेवटचं."

आत्याबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि त्या गेल्या. सॅक न घेता सगळेजण तळे बघून संध्याकाळपर्यंत माझ्याच दारी परतणार होते.

दुपारी धुके उठले.

लेक दोरीला आली. तीन ठोके दिले, थांबली, पुन्हा तीन दिले. वारा उलटा होता. मी जिवाच्या आकांताने वाजत होते आणि माझाच आवाज कड्यावरून परत येताना मला ऐकू येत होता. देवा, त्या दिवशी तू मला मुकी का केली नाहीस?

तिकडे काय झाले ते आत्याबाईंनी मागाहून माझ्याच पायरीवर बसून सांगितले. वाटाड्याने नेहमीसारखा हात वर केला. सगळे गप्प झाले. पण तो डोंगराकडे पाहत नव्हता, माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहत होता. ज्या बाजूला माना वळतील ती घंटेची बाजू, असा त्याचा नवा हिशेब होता. असे त्याने किती दिवस निभावले होते, ते त्याचे त्यालाच ठाऊक. त्या दिवशी सगळ्या माना कड्याकडे वळल्या. डॉक्टर तर बोट दाखवून म्हणाले, "ती काय, तिकडे!"

वाटाड्याने मान डोलावली. "चला. माझ्या मागे या, कुणी पुढे जायचं नाही."

"मी मशीन काढून खिशात ठेवलं होतं, ओलं होईल म्हणून," आत्याबाई म्हणाल्या. "मला घंटा ऐकूच आली नाही. पण त्याचे डोळे दिसले ना मला! तो आमच्याकडून विचारून घेतोय हे मला कळलं होतं. म्हटलं, चारचौघांत कसं बोलायचं? माणसाला उघडं कसं पाडायचं?" आणि त्या रुमाल तोंडाशी धरून रडल्या.

वाट सुटली, पायाखाली सुट्या दगडांचा घसारा आला. वाटाड्याचे पाय त्या डोंगरात मुरलेले होते. काहीतरी चुकते आहे हे पायांना कळले, पण तोवर एक पाऊल पुढे पडून गेले होते. पडता पडता तो ओरडला, "थांबा!" त्या एका शब्दावर मागचे सगळे जागच्या जागी थिजले, म्हणून वाचले. तो खाली एका कपारीत जाऊन पडला.

डॉक्टरांनी शिट्टी फुंकली. लेकीने ती ऐकली, कड्याच्या बाजूने. तिला सगळे कळून चुकले. माझा नाद तिकडे माणसे ओढतो आहे हे लक्षात येताच तिने दोरी टाकली, धावत येऊन माझी जीभ मुठीत धरली आणि मला गप्प केले. इतक्या वर्षांत मला कुणी असे धरले नव्हते. मग ती दोरखंड घेऊन धुक्यात नाहीशी झाली.

लेकीने आणि तुकडीतल्या माणसांनी त्याला वर काढले आणि आणून लांब बाकड्यावर निजवले. डॉक्टरांनी कंबर तपासली आणि लेकीकडे पाहिले. स्ट्रेचर वर यायला धुके विरायला हवे होते, तोवर थांबणेच भाग होते. दार उघडे होते. लेक त्याच्या समोर गुडघ्यांवर बसली, अगदी तोंडासमोर, दिवा जवळ घेऊन, ओठ दिसतील अशी.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारले.

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"दूध उतू गेलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

छपराकडे पाहत तो म्हणाला, "वाटलं असतं गं. चार दिवस रुसून बसलो असतो. तुझ्याशी बोललोही नसतो. पण पोरी, स्वतःच्या पायांनी उतरलो असतो."

लेकीने त्याच्या छातीवर डोके टेकले. तिच्या केसांवरून हात फिरवत तो म्हणाला, "मी तरी कुठे बोललो? मलाही वाटलं, तुला वाईट वाटेल." बस, एवढेच. ना राग, ना दोष. म्हणून तर ते माझ्याने अजून सोसवत नाही.

सकाळी त्याला स्ट्रेचरवर खाली नेले. दारातून जाताना त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले, पण त्याचे हात पट्ट्यांनी बांधलेले होते.

त्यानंतर तो कधी वर आला नाही. कंबर कायमची अधू झाली, चालणे खोलीपुरते उरले. कानाला मशीन लागले म्हणतात, आता रस्त्यावरच्या पोरांचा गलकादेखील त्याला स्वच्छ ऐकू येतो. लेकही निवारा सोडून त्याच्याजवळ राहायला गेली. कचेरीने सगळ्या वाटाड्यांना वाट दाखवणारी यंत्रे दिली आणि मला विश्रांती दिली. नवा सांभाळणारा भला आहे, पण कुणी मला घासत नाही. पाऊस आला की पाहुणे माझ्या दोरीवर मोजे वाळत घालतात. घाला बापडे. त्याचे मला दुःख नाही.

दुःख एवढेच की, त्या निवाऱ्यात सगळी माणसे चांगली होती. सगळ्यांना कळत होते, सगळ्यांच्या पोटात माया होती, आणि त्या मायेनेच सगळे गप्प राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरीही असे कुणीतरी असेल. हाक ऐकू न येणारे, पायरी न दिसणारे, तेच तेच पुन्हा विचारणारे, आणि वर हसून वेळ मारून नेणारे. त्याच्या समोर जाऊन बसा. हात हातात घ्या, तोंड दिसेल असे बसा आणि सांगा. तो रागावेल, रागावू द्या. आजच सांगा. आणि निजण्यापूर्वी देवापुढे हात जोडाल तेव्हा आमच्या त्या वाटाड्याची एकदा आठवण काढा, आणि त्याच्या उशाशी बसलेल्या लेकीचीही.