तान्हीचा ताप

माझा थोरला भाऊ सिद्धू दरसाल मेंढरं घेऊन कोयनेच्या बाजूला उतरतो. तिकडं डोंगरात त्याचा फोन लागला तर लागला. यंदा लेकीचं बारसं उरकून तो निघाला. मागं घरी आम्ही राहिलो. आई म्हणजे बनाबाई, सोनम वहिनी, तान्ही पोर आणि मी, जोतिबा.

त्याच आठवड्यात एका दुपारी वहिनीनं हाक मारली. "भावजी, पोरीचं अंग बघा जरा. मांडीवर घेतली तर चटका बसल्यागत झालं."

आईनं हात लावून बघितलं. "दुपट्यात गुंडाळलीया म्हणून आसंल. सोड की वाईच."

दुपटं सोडलं. बऱ्याच वेळानं परत हात लावला तरी अंग तसंच तापलेलं. शेजारची मनुबाई नातवासाठी आणलेली तापाच्या औषधाची बाटली घेऊन आली. वहिनीनं ती बाजूला ठेवली. "आधी डाक्टरला दावू. त्यांनी सांगितलं तरच द्यायचं."

आम्ही पोरीला आटपाडीला नेलं. तिथं डॉक्टर राजवर्धन यांनी काखेत थर्मामीटर लावला. ताप शंभरच्या वर. पोर मात्र मूठ चोखत मजेत होती. मला वाटलं, थेंब लिहून देतील आणि आम्ही घरी जाऊ.

डॉक्टर म्हणाले, "महिन्याच्या आतल्या बाळाला ताप आला तर ते कसं दिसतंय यावर जायचं नसतं. एवढ्या लहान बाळाला आतून मोठा आजार असला तरी वरून कळत नाही. आत्ताच सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. वाटेत पाजत राहा." त्यांनी स्वतः सांगलीला फोन केला, रुग्णवाहिकाही बोलावली.

सांगलीत लहान मुलांच्या डॉक्टर समीक्षा वाटच बघत होत्या. वयानं वहिनीएवढ्याच असतील. त्यांनी रक्त घेतलं, बारीक नळीनं लघवी घेतली. मग म्हणाल्या, "मेंदूत ताप गेलाय का ते बघायला पाठीतलं थोडं पाणी काढावं लागेल."

आई उठून उभी राहिली. "आवं, पाठीला हात लावायचा न्हाई. पोरीचं पाय लुळं पडत्यात."

मी बाहेर जाऊन सिद्धूला फोन लावत राहिलो. लागला नाही. परत येऊन वहिनीला म्हणालो, "दादाला विचारल्याबिगर कसं करायचं?"

वहिनी सातवीपर्यंत शिकलेली, मोठ्या माणसांसमोर कधी फार न बोलणारी. तिनं माझ्याकडं बघितलं, मग सरळ डॉक्टरांना विचारलं, "पाय लुळं पडत्यात म्हणत्यात, ते खरं हाय का?"

डॉक्टरांनी पाठमोरं होऊन स्वतःच्या कमरेवर बोट ठेवलं. "पायांना चालवणारी कण्यातली दोरी, म्हणजे मज्जारज्जू, या जागेच्या वर संपते. सुई तिच्या खाली घालतो. पाय लुळे पडत नाहीत. टोचलेल्या जागी थोडं रक्त येईल, कधी पाणी मिळत नाही, परत टोचावं लागतं."

"आन न्हाई काढलं तर?"

"मेंदूत ताप गेला असेल तर औषध किती आणि किती दिवस द्यायचं, ते नेमकं कळणार नाही."

वहिनी म्हणाली, "काढा. ह्यांनी इचारलं तर मी सांगीन, मीच व्हय म्हनलं."

आई वहिनीजवळ सरकून बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

जरा वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. "पहिल्यांदा पाणी आलं नाही. परत टोचते." काही लपवायचं त्यांच्या मनात आलं नाही, हे मला फार आवडलं. वहिनीनं मान हलवली. दुसऱ्यांदा पाणी मिळालं. तपासण्यांचे निकाल यायच्या आधीच सलाइनमधून औषध सुरू झालं.

पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं, रक्तही. जंतू लघवीत सापडले. "अंगावर काढलं असतं तर ते रक्तात पसरू शकले असते," डॉक्टर म्हणाल्या. तोवर ताप उतरला होता आणि पोर पोटभर पीत होती.

एका सकाळी सिद्धूचाच फोन आला. वहिनी शांतपणे म्हणाली, "पोरीला ताप आलता. सांगलीला हाय आमी. आता बरी हाय. तुमी मेंढरं टाकून पळत यिऊ नगा." फोन माझ्या हातात देऊन ती भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आईनं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि सुनेला मनसोक्त रडू दिलं.