न दुखणारी बहीण

पिशवीत दोन पाण्याच्या बाटल्या होत्या, शेकायची एक रबरी पिशवी, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड, कळ आली तर द्यायच्या गोळ्यांची एक पट्टी, एक शाल आणि जुन्या रिपोर्टांनी फुगलेली फाइल. सगळं ताईचं. भरताना धाकटीसाठी काय ठेवायचं, हे आईच्या मनातही आलं नव्हतं आणि धाकटीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती पिशवी उचलायला आली होती.

घरात तिला पैलवान म्हणत. सिकलसेल दोघी बहिणींना होता. दोघींच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या. पण ताईला लहानपणापासून हाडं फुटतील अशा कळा यायच्या, दवाखान्यात ठेवावं लागायचं. धाकटीचं एखाद्या वेळी गुडघा ठणकण्यावर निभावायचं. घरात आजारपणाचं माप एकच होतं. दुखतंय का? नाही ना? मग ठीक.

"पैलवान, टेक की जरा," तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावरून ताई म्हणाली. "किती येरझारा? हृदय माझं बघायचंय ना?"

"दुकानात आज काचा यायच्यात. मी नसले की तो नवा कापणारा बोटं कापून घेईल."

"जातील तर त्याची जातील. तू बस."

ती बसली, पाय हलवत राहिली आणि पुन्हा उठली. काचांचं खरं होतं, पण ते कारण नव्हतं. रिपोर्ट आणायला ती एकटी गेली होती, तेव्हा नेहमीचे डॉक्टर म्हणाले होते, "वय वाढतं तसा या आजारात हृदयावर ताण येऊ शकतो. दोघींची तपासणी करून घ्या." घरी येऊन तिने सांगितलं होतं, ताईची तपासणी करायचीय.

चित्रांना चौकटी करणाऱ्या दुकानात ती काच कापायची. काम चालायचं वरच्या मजल्यावर. वर्षभरापासून अख्खी काच वर नेताना जिन्याच्या वळणावर तिची छाती भात्यासारखी चालायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मग तिने युक्ती काढली. खालीच टेबल टाकायचं, काच मापाला कापायची आणि तुकडे वर न्यायचे. "फुटायची भीती कमी," असं मालकाला पटवलं. मालक इतका खूश झाला, की आता सगळेच तसं करायचे. घोट्याजवळची जखम कित्येक महिने भरत नव्हती. ती तिने काचेवर ढकलली. डोळे पिवळे दिसले, तर जागरणावर. दुखत तर काहीच नव्हतं.

आत बोलावलं तशी ती ताईचा हात धरून गेली. डॉक्टरबाईंनी ताईला डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर जेली लावली.

"आई गं, गार आहे," ताई म्हणाली. "आमच्या आईला कळलं, तर ती तुमच्या मशीनलाच शाल पांघरेल, मॅडम."

डॉक्टरबाई हसल्या. पडद्यावर करडे कप्पे उघडत-मिटत होते, मधूनच निळा-तांबडा रंग उसळत होता. पैलवान कडेला उभी राहून, या पायावरून त्या पायावर भार टाकत बघत होती.

"हे काय मोजताय?"

"उजव्या बाजूची ही झडप. ती मिटते तेव्हा थोडं रक्त मागे फिरतं. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढला, की त्याचा वेग वाढतो. सेकंदाला अडीच मीटरपर्यंत आम्ही निर्धास्त असतो. तिनाच्या वर गेलं, की पुढच्या तपासण्या, औषधं. अंगमेहनतीचं काम असेल तर त्याचाही विचार." त्यांनी एक बटण दाबलं. "यांचं दोन पूर्णांक दोन आहे. छान."

पैलवानने तिथूनच आईला फोन लावला. पलीकडे आई आधी रडली, मग म्हणाली, "तिला वारं लागू देऊ नकोस. आणि तू खाल्लंस का काही? जाऊ दे, तुझं काय, तू दगड पचवशील."

"चल, ऊठ," फोन ठेवून तिने शाल पुढे केली. "लवकर गेलो तर मला अर्धा दिवस तरी भरता येईल."

ताई उठली नाही. "मॅडम, आता हिची."

"माझी कसली? मला काय धाड भरलीय?"

"मघाशी तू पाणी भरायला गेलीस, तेव्हा मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, माझ्या बहिणीचीही होईल का म्हणून. तो म्हणाला, दोघींची नावं आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधीच कळवलीत."

पैलवान शालीच्या घड्या घालू लागली. घातलेली मोडून पुन्हा घालू लागली.

"मला दुखत नाही, ताई."

"दुखण्याचं आणि हृदयाचं एकमेकांशी जुळेलच असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहींना कळा फारशा येत नाहीत, पण रक्तपेशी आतल्या आत फुटत राहतात. अशांच्यात हा दाब वाढलेला सापडतो."

"वर्षानुवर्षं पलंगावर पडून माझे कान तेवढे तयार झालेत," ताई म्हणाली. "तू जिना चढतेस ते मला ऐकू येतं. पूर्वी पाय वाजायचे आणि लगेच दार. आता पाय मध्येच थांबतात. दार किती तरी वेळ वाजत नाही."

"मोबाइल बघत असते."

"आणि मोबाइल बघताना धापा टाकतेस?"

पैलवान दाराकडे गेली, कडीला हात लावून परत आली. "बरं, निघालं काही, मग? काच कापण्याशिवाय मला येतं काय? मालक गल्ल्यावर बसवेल, नाही तर घरी. आईला दोन-दोन पोरी कशा झेपायच्या? आपल्या घरात आजारी माणसाची एकच जागा आहे, ताई. ती तू घेतलीयस."



"मग मी उठते," ताई म्हणाली.

तिने स्वतःच जेली पुसली, कपडे नीट केले, खाटेची कड धरून गुडघे कुरकुरवत खाली उतरली आणि बाजूला उभी राहिली.

"ये. जागा उबदार झालीय."

पैलवान डाव्या कुशीवर झोपली. तिचा पाय हलत होता. डॉक्टरबाईंनी थांबवायला सांगितलं, तेव्हा ताईने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. डॉक्टरबाईंनी मोजलं, पुसलं, पुन्हा मोजलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पडद्याच्या कोपऱ्यात तोच आकडा आला.

सेकंदाला ३.४ मीटर.