वर्नाला घाम येईना

बसा, बसा. इथेच, वरती. बोलतोय तो मीच, तुम्ही ज्याच्यावर टेकलात तो बाक. दचकू नका. जन्मभर नुसतं ऐकत आलो, आज थोडं बोलून घेतो.

कांगस कुटुंबाच्या सौनातला मी. सौना म्हणजे आमची वाफेची न्हाणी. अंगणाच्या टोकाला एक लाकडी खोली, तिच्यात चूल, चुलीवर दगड. तापल्या दगडांवर पाणी टाकायचं, वाफ उठली की तिच्यात बसून घाम गाळायचा, आणि मग बाहेर बर्फात जाऊन उभं राहायचं. आत दोन बाक, एकावर एक, पायऱ्यांसारखे. उष्णता सगळी वर चढते, म्हणून खालचा बाक नवख्यांचा आणि वरचा खमक्यांचा. त्यातला वरचा मी.

मला घडवलं आर्वो कांगसने. फिनलंडहून आलेल्या खाणकामगाराचा हा नातू, बोलायचा कमी, पण हात असा की लाकडाने गुमान ऐकावं. बासवूडचं झाड त्याने स्वतः पाडलं, चांगलं वाळू दिलं आणि माझ्या फळ्या कापल्या. खिळे ठोकले ते सगळे खालून. वरून ठोकलेला खिळा तापला की बसणाऱ्याला कुठे डागेल याचा काही नेम नाही. आर्वो गेला, त्याचा मुलगा रॉय घराचा मालक झाला, पण दर शनिवारी चूल पेटायची ती पेटतच राहिली.

शनिवारी आधी बायकांची पाळी, मग पुरुषांची. त्यानंतर बाहेरच्या छोट्या खोलीत, जिथे कपडे टांगतात तिथे, कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव. भिंत पातळ आहे, त्यामुळे तिथलंही सगळं मला ऐकू येतं. माणसांचं एक पाहिलंय मी. कपडे खुंटीवर गेले की निम्मा खोटेपणाही खुंटीवर जातो. उरलेला निम्मा मात्र फार चिवट असतो, आणि आमच्या या लोकांचा तर विचारूच नका. हाड मोडलं तरी "कसं काय?" या प्रश्नाला "चाललंय" हेच उत्तर. दुखणं आलं की आधी सौना, मग कॉफी. त्यानेही नाही भागलं तर आणखी सौना. डॉक्टरकडे जायचं ते दुसऱ्याने उचलून नेलं तर.

रॉयची बायको वर्ना. नवी नवरी म्हणून ती पहिल्यांदा माझ्यावर बसली तेव्हा पाच मिनिटांत "मेले गं बाई" म्हणत बाहेर पळाली होती. तिला घाम इतका यायचा की खालच्या बाकावरची माणसं सरकून बसायची. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करते. हसणं मोठं, आवाज त्याहून मोठा. खरं सांगतो, मला ती फार आवडते.

हे सगळं फिरलं दोन हिवाळ्यांपूर्वी. आधी मला तिचं वजन जाणवलं. जेवण तेवढंच, उलट कमीच, पण ती जड झाली होती. मग तिची कातडी. पूर्वी मऊ असायची, ती आता वाळल्या सालीसारखी मला खरखरीत लागायची. उठून गेली की माझ्या फटींत केसांचं गुंतवळ राहायचं. चेहरा सुजरा, भुवयांची बाहेरची टोकं विरळ, आवाज घोगरा. चढायला एकच पायरी, ती चढतानाही दम खायची. आणि पाय असे गार की मी तापलेला असूनही मला ते कळायचे.

पण सगळ्यांत नवल म्हणजे ती आता माझ्यावरून उठेनाच. शेजारीण मार्सी लालबुंद होऊन खाली उतरायची, रॉयची बहीण इर्या उतरायची, वर्ना आपली बसलेली. अंग कोरडं ठणठणीत. हे पाहून बायकांना तिचं काय कौतुक. वरच्या बाकावर टिकणं म्हणजे आमच्याकडे मर्दुमकी. मार्सीने ते कॉफीच्या वेळी पुरुषांना सांगितलं, आणि रॉयची छाती अशी फुगली की विचारू नका. तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरत बसलेल्या मित्रांपुढेही तो सांगून आला म्हणे, बायको माझी लोखंडाची आहे. आजाराचा सत्कार करणारे लोक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

ती गारठते म्हणावं तर जानेवारीत कोण गारठत नाही? ती दमते म्हणावं तर बर्फ उपसून कोण दमत नाही? ऑगस्टमध्येही ती स्वेटर घालून वावरत होती, तेव्हा मात्र कोणी काही म्हटलं नाही.

एका शनिवारी बाकीच्या उठून गेल्या आणि ती एकटीच राहिली. हातात दगडांवर पाणी टाकायचं ओगराळं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. रोज शाळेत ज्याने सूप वाढते त्या वस्तूचं नाव तिला आठवेना. मग ओगराळं खाली ठेवून ती रडली. तिच्या आईची साठीतच आठवण गेली होती. शेवटची वर्षं ती पोटच्या पोरीला ओळखत नव्हती. आता माझी पाळी आली, असं वर्नाने मनाशी धरलं होतं आणि ते ती कोणालाही सांगणार नव्हती. मला कळलं, पण मी पडलो लाकूड.

त्याच आठवड्यात डुलूथ शहरातून तिच्या मुलीचा, कायसाचा फोन आला, तो तिने बाहेरच्या खोलीत घेतला. कायसाला जुलैत पहिलं मूल होणार होतं. आईने यावं, दोन महिने राहावं, बाळाला सांभाळायला शिकवावं, एवढंच तिचं मागणं होतं. वर्ना म्हणाली, जमायचं नाही, शाळेतून सुट्टी मिळत नाही. कायसाने फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी इर्याने विषय काढला. इर्या गावातल्या दवाखान्यात नर्स आहे, आणि नणंद असली तरी वर्नाची मैत्रीण आधी. मार्सी त्या दिवशी आली नव्हती. दोघीच होत्या.

"कायसा माझ्याकडे रडली फोनवर," इर्या म्हणाली. "जुलैत कसली गं शाळा? जुलैत तिथे झुरळंसुद्धा सुट्टीवर असतात."

वर्ना हसली नाही. "माझ्या हातात बाळ द्यायचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आईसारखं होतंय मला, इर्या. शब्द सापडत नाहीत. परवा गॅसवर पातेलं ठेवून मी तासभर झोपून गेले. उद्या बाळाला कुठे ठेवलं तेच विसरले तर? कायसाला हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

इर्याने धीर द्यायला तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथेच थांबला. एवढ्या वाफेत खांदा कोरडा. तिने पाठ चाचपली, कपाळ चाचपलं, मग मनगट धरून नाडी मोजली. ती भलतीच सावकाश चालली होती. इर्याचा चेहरा बदलला. नणंदेची आता नर्स झाली.

"तुला घाम कधीपासून येत नाही?"

"गेल्या हिवाळ्यापासून. सगळ्या म्हणतात, छान टिकते."

"कसली टिकतेस, डोंबल. आधी खाली उतर. पोट साफ होतं?"

"आठवड्यातून दोनदा. वयच झालं आता."

"वय माझंही झालंय. सोमवारी दवाखान्यात यायचं. नाही आलीस तर ट्रकच्या मागे बांधून नेईन."

सोमवारी रक्त घेतलं. अहवाल पाच दिवसांनी फोनवर आला तो शनिवारीच, बाहेरच्या खोलीत सगळे जमलेले असताना. रॉयने चष्मा लावून मोठ्याने वाचला. टीएसएच नावाचं काहीतरी चारच्या आत असावं लागतं, ते अडतीस होतं, म्हणून लाल अक्षरात 'जास्त'. त्याखाली टी-फोर नावाचं काहीतरी, त्यापुढे लाल अक्षरात 'कमी'. रॉयने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "एक जास्त, एक कमी. सरासरी बरोबर आली की."

वर्नाला हसू आलं नाही. थायरॉइड म्हणजे गळ्यातली ग्रंथी, एवढं तिला ठाऊक होतं. आकडा जास्त म्हणजे ती ग्रंथी जास्त धावतेय, असा तिने अर्थ लावला. मार्सीच्या बहिणीला तसं झालं होतं. ती तर वाळून काटकी झाली, हात थरथरायचे, घामाने निथळायची. "मला तर सगळं उलटंच होतंय," ती म्हणाली. "म्हणजे माझं दुखणं हे नव्हेच. माझं आईचंच."

इर्याने तिला हाताला धरून आत आणलं आणि खालच्या बाकावर बसवलं. रॉय दारात उभा राहिला. चुलीतली लाकडं तोवर जळून गेली होती.

"वरच्या बाकावर बसून लाकडं घाला, लाकडं घाला, असं कोण ओरडतं?" इर्याने विचारलं.

"रॉय," वर्ना म्हणाली.

"कधी ओरडतो?"

"चूल विझायला लागली की."

"मग ऐक. तुझ्या गळ्यातली ग्रंथी ही चूल. तिची ऊब म्हणजे तो टी-फोर. डोक्यात मेंदूखाली एक छोटीशी ग्रंथी असते, ती वर बसलेला रॉय. तिचं ओरडणं म्हणजे टीएसएच. तुझी चूल विझत आलीय, म्हणून वरची बोंबलतेय. अडतीस आहे ते बोंबलणं. चूल जास्त नाही, कमी आहे."

मला हे ऐकताक्षणी पटलं. माझ्यावर बसून ओरडणाऱ्यांची मला चांगली ओळख आहे. चूल ढणढणत असताना लाकडासाठी कधी कोणी ओरडत नाही.

इर्याने मग एकेक करून जोडून दाखवलं. ऊब कमी म्हणून गारठा. घाम नाही, पोट जड, कातडी कोरडी, केस गळतात, आवाज घोगरा, नाडी संथ, अंगाला सूज, सगळं त्याच एका चुलीपायी. डोकंही त्याच उबेवर चालतं, म्हणून शब्द सापडत नाहीत. शरीर कधीकधी स्वतःच त्या ग्रंथीच्या जिवावर उठतं, रक्ताच्या दुसऱ्या तपासणीत तसंच दिसलं होतं. रोज एक गोळी घ्यायची, बहुधा कायमची. त्या गोळीत जे कमी पडतंय तेच असतं.

वर्नाने विचारलं, "आईलाही हेच होतं का?"

"ठाऊक नाही," इर्या म्हणाली. "तिचं कोणी तपासलं नाही, आता कळायचं नाही. तुझा विसराळूपणा सगळा यानेच आहे अशी शपथही मी घेणार नाही. पण आधी चूल तर पेटवू. मग डोकं बघू."

आणि रॉय? लोखंडाच्या बायकोची गोष्ट गावभर सांगून आलेला माणूस तो. दाराला टेकून उभा राहिला आणि बाहीने डोळे पुसले. वाफ तर तेव्हा नव्हतीच.

गोळ्या सुरू झाल्या. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं, तर आकडा थोडासाच उतरलेला. वर्नाचा धीर पुन्हा खचला. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? कॉफीबरोबर, वर्ना म्हणाली. आणखी कशाबरोबर घेणार? आमच्याकडे डोळे उघडायच्या आधी कॉफी उकळते. हाडांसाठीची कॅल्शियमची गोळीही ती त्याच घोटाबरोबर घ्यायची, कामं एकदम उरकावीत म्हणून. डॉक्टरबाई म्हणाल्या, कॉफी गोळीला पोटातून रक्तात नीट जाऊ देत नाही, कॅल्शियम तर मुळीच नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, तासभर कॉफीचं नाव काढू नका, आणि कॅल्शियम घ्या दुपारी.

सकाळी तासभर कॉफीशिवाय. आमच्या लोकांना याहून मोठी शिक्षा नाही. पण रॉयने ती स्वतःलाही करून घेतली. तिला कॉफीचा वास यायला नको म्हणून तोही थांबायला लागला. त्या तासात दोघं अंगणातला बर्फ उपसायची. ती त्याला म्हणायची, तू पी रे, मला काही होत नाही. तो म्हणायचा, मलाही काही होत नाही. दोघंही खोटं बोलत होती, आणि ते खोटं मला गोड लागायचं.

हळूहळू फरक पडला. एकदम नाही, मार्च-एप्रिलमध्ये बर्फ जातो तसा, आज वाटावं गेला आणि उद्या पुन्हा पडावा. आधी पायांचा गारठा गेला. मग आवाज मोकळा झाला. मेच्या एका शनिवारी वर्ना माझ्यावर बसली, आणि थोड्या वेळाने "मेले गं बाई" म्हणत बाहेर पळाली. मार्सीला वाईट वाटलं, विक्रम मोडला म्हणून. इर्या मात्र खालच्या बाकावर बसून पोट धरून हसत होती. त्याच महिन्यात डॉक्टरबाईंनी वर्नाच्या आठवणशक्तीचीही परीक्षा घेतली. त्यात काही वावगं निघालं नाही. शाळेतल्या मुलांची नावं तर आता ती त्यांच्या खोड्यांसकट सांगत होती.

जूनच्या सुरुवातीला तिने बाहेरच्या खोलीतून कायसाला फोन लावला. "शाळेचं मी खोटं बोलले," तिने आधी तेच सांगितलं. "मला भीती वाटत होती, तुझ्या बाळाला माझ्यापासून धोका आहे म्हणून. आता नाही वाटत. अजून हवी असेन तर येते."

पलीकडे कायसा रडत होती की हसत होती, ते भिंतीतून नीट कळलं नाही.

मी आता म्हातारा झालोय. कडा काळवंडल्या, दोन फळ्या मधोमध चिरल्या. पुढच्या वर्षी नवा बाक करू, असं रॉय म्हणतो. खुशाल करावा. जायच्या आधी तुम्हाला हात जोडून एकच सांगणं आहे. घरात कोणी सारखं गारठत असेल, दमत असेल, उगाच जड आणि मंद होत असेल, तर "हिवाळा आहे", "वय झालं" असं परस्पर ठरवून टाकू नका. त्याच्या सोसण्याचं कौतुक तर मुळीच करू नका. दवाखान्यात घेऊन जा, थोडं रक्त द्यायला लावा, आणि अहवालातल्या लाल अक्षरांचा अर्थ स्वतःच लावत न बसता विचारून घ्या.

कायसाला मुलगी झाली. निरोप आला तो शनिवारी सकाळी, चुलीत लाकडं रचून ठेवली होती तेव्हा. वर्नाने गोळ्यांची बाटली पर्समध्ये टाकली, रॉयने ट्रक काढला, आणि दोघं डुलूथच्या रस्त्याला लागली. चूल पेटवायचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. आर्वोने मला इथे बसवल्यापासूनचा तो पहिला शनिवार, जेव्हा मी गार पडलो होतो. आणि सांगतो, इतका सुखाचा शनिवार मी पाहिला नाही.