फळ्यावरची तुळजा

नव्या साहेबांनी ठाण्यासमोर काळा फळा लावला होता. वर्षभरात काय काय गुन्हे घडले ते येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं म्हणून. अमृतरावांच्या कानी ही बातमी पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसनं ते थोरल्या लेकीला, राहीला, घेऊन आले. राहीच्या कडेवर अंगावर पिणारं पोर, त्याच्या तोंडात निर्मल गावच्या बाजारातला लाकडी पोपट.

"वाच बाई. आपली तुळजा कोन्या ओळीत लिवली?"

फळा तेलुगूत होता. अमृतरावांना त्यातले आकडे तेवढे कळत. राही तेलुगू शाळेत शिकलेली.

गेल्या चैत्रात धाकटी तुळजा सासरच्या विहिरीत सापडली. मानेवर वळ होते. सवाष्ण गेली की शेवटचं हिरवं लुगडं माहेरचं लागतं. निरोप आला तसा अमृतरावांनी आधी आदिलाबादचा बाजार गाठला. तुळजाला रुंद काठ आवडायचा, म्हणून दुकानामागून दुकान पालथं घातलं. लुगडं घेऊन पोचले तोवर सासरचे म्हणाले तसा पंचनामा उरकला होता. पाय घसरून पडली.

"मी काठ पाहत बसलो," वर्षभर ते एवढंच म्हणत होते.

राहीनं वाचलं. सायकलचोरी, तीन. त्याच्या खाली, हुंड्यासाठी मृत्यू. शून्य.

दारातला शिपाई म्हणाला, "पढो अम्मा, सब के लिए है."

तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग बाबांचं बोट धरून तिनाच्या आकड्यावर ठेवलं.

"ही ओळ, बाबा."

"म्हंजे तिले मारलं, असंच लिवलं ना?"

"तसंच लिवलं."

"मी उशिरा पोचलो तरी?"

"तरी."

बोट तिथंच राहिलं. "आन हे खालचं शून्य कायचं?"

"सायकलचोरीचं."

"बरं हाय. सायकली तरी शाबूत राह्यल्या."

बसची वाट पाहत दोघं लिंबाखाली बसले. बोटाला लागलेला खडू अमृतरावांनी पुसला नव्हता. त्या बोटाकडं पाहत ते म्हणाले, "राही, बाकीच्या दोघीयचे बाप येऊन गेले असतीन का वं पाहाले?"

राहीनं बाळाला पदराखाली घेतलं. उरलेला पदर तिनं स्वतःच्या तोंडावर ओढला.