ओढ्याकाठच्या अकरा चिंध्या

त्याचं शेत इतकं नीटनेटकं की सगळे त्याला 'फणी' म्हणत. सऱ्या विंचरल्यासारख्या सरळ, बांधावर तण औषधालाही सापडायचं नाही. अशा माणसाने सरकारी अनुदान घेऊन ओढ्याकाठची पट्टी पाच वर्षं पडीक ठेवायचं कबूल केलं, तेव्हाच पुढचं दिसायला हवं होतं. अट साधी होती. गवतात पक्षी अंडी घालतात, पिल्लं उडेपर्यंत पातं लावायचं नाही. पैसे बिनबोभाट येत. पण येणारेजाणारे विचारत, "काय फणीराव, हात चालेनासे झाले का?" ते त्याच्या जिव्हारी लागे.

कागदांचं सगळं सून बघायची. रोज सकाळी ती पट्टीत हिंडायची, घरटं दिसलं की शेजारी लाल चिंधी बांधलेली काठी रोवायची आणि वहीत नोंद करायची. कचेरीला ती वही आवडली होती. यंदाची पाहणी नीट पार पडली की आजूबाजूच्या शेतांतल्या घरट्यांची मोजणीही तिलाच मिळणार होती, पगारी.

पाहणीच्या सकाळी सून घरात आवरत होती, तेवढ्यात फणीने गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं. कचेरीतून बाई येणार आणि रान असं माजलेलं? पाहुणा यायचा म्हणून आपण घर झाडतोच की. पट्टीची एक कड कापून झाली आणि पहिल्या काठीपाशी एक पक्षी फडफडत उठला. फणी खाली उतरला. चार अंडी होती, ठिपक्याठिपक्यांची. कळलं त्याला, सगळं कळलं. पण अर्धवट हजामत त्याला मुळीच बघवत नसे. त्याने काठी उपटली आणि यंत्र पुढे नेलं. अशा अकरा काठ्या त्याने उपटल्या आणि सीटखाली कोंबल्या.

पाहणीला आलेली बाई त्या स्वच्छ पट्टीकडे बघतच राहिली. "इथे अकरा घरटी होती ना? वहीत आहेत."

"मला नाही बुवा दिसली," फणी म्हणाला.

"खुणा?"

"खुणाबिणा काही नव्हत्या."

बोलून गेला आणि त्याची कानशिलं तापली. सुनेची नजर यंत्राकडे गेली. सीटखालून एक लाल टोक डोकावत होतं. आता ही बोलणार आणि आपलं नाक कापलं जाणार, या धास्तीने त्याने मान खाली घातली. खरं सांगायचं तर, तिने बोलावंच असंही त्याला वाटत होतं.

"खुणा करायचं माझंच राहिलं असेल," सून म्हणाली.

बाईने वहीवर आडवी रेघ मारली. मोजणीच्या कामाचं आता अवघड आहे, असं म्हणून तिने कागद पुढे केला. सुनेने सही केली.

दुपारी सुनेने नेहमीसारखं जेवायला वाढलं. "मामंजी, आणखी घेता?" असंही विचारलं. तिच्या आवाजात राग शोधून सापडेना, आणि फणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धुवायला तो मागच्या दारी गेला. दोरीवर त्याच्या सदऱ्याशेजारी अकरा लाल चिंध्या धुऊन वाळत घातल्या होत्या, एका ओळीत, त्याला आवडतात तशा.

तो मग आत आला.

"त्या बाईंचा नंबर आहे का गं?"

"कागदावर आहे," ती म्हणाली. "माझ्या सहीच्या खाली."

फणीने चष्मा लावला. नंबराआधी त्याला ती सही वाचावी लागली.